खळ दिलेलं कापड आणि दोन तबकड्या

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

माझी धाकटी बहीण शिवणकाम करते. ब्लाउज, फॉल-पिको, शाळेचे गणवेश असं जे येईल ते. गेल्या वर्षी रमजान ईदच्या जरा आधी तिला भिशी लागली. २२ हजार रुपये. पिकोचं नवीन यंत्र घ्यायचं तिनं केव्हाच ठरवून ठेवलं होतं, कारण जुनं यंत्र दर चार दिवसांनी दोरा तोडत होतं. त्याच आठवड्यात तिचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, एक कागद घेऊन माझ्याकडे आला. दुसऱ्या वर्षाला आहे कॉलेजात. कागदावर यादी होती : दोन टर्नटेबल, एक मिक्सर, हेडफोन, दोन स्पीकर. बेरीज दोन लाखांच्या वर गेली होती. त्याखाली पेन्सिलीनं ‘किंवा’ असं लिहून एका छोट्या यंत्राचं नाव होतं. त्याची किंमत २१ हजार. भिशीचा आकडा त्याला ठाऊक होता, हे उघडच होतं.

मागोमाग बहीण आली. म्हणाली, “भाई, तुम्ही बी.ए. झालात, पुस्तकं वाचता, लिहिता. तुम्हीच समजावा याला. घरात कुणी डीजे लावतं का?”

तिची भीती मला कळत होती. आपल्या महाराष्ट्रात ‘डीजे’ हा शब्द माणसासाठी राहिलेलाच नाही. डीजे म्हणजे ट्रकवर रचलेली स्पीकरांची भिंत. डीजे ‘लावतात’, डीजे ‘येतो’, डीजेवर बंदी येते. वरातीत आणि मिरवणुकीत खिडक्यांची तावदानं थरथरतात, म्हाताऱ्या माणसांच्या छातीत धडधड होते, त्याचं नाव डीजे. मीही क्षणभर विचार न करता ‘नाही’ म्हणालो. भाचा उठता उठता एवढंच बोलला, “मामू, डीजे म्हणजे काय, ते तुम्हाला माहीतच नाही.”

पोरगं खरं बोललं होतं. मला माहीत नव्हतं. म्हणून मी वाचायला बसलो, आणि जे वाचलं तेच आज तुम्हाला सांगणार आहे.

पहिली गोष्ट अशी की, डीजे हा मूळचा रेडिओचा माणूस. डिस्क जॉकी, म्हणजे तबकड्या वाजवणारा निवेदक. १९३५ साली अमेरिकेत लिंडबर्ग या विमानवीराच्या बाळाच्या अपहरणाचा खटला गाजत होता. न्यूयॉर्कच्या डब्ल्यूएनईडब्ल्यू या केंद्रावर त्या बातम्या लागत. दोन बातम्यांमधला वेळ भरायचा कसा? खरा वाद्यवृंद बसवून ठेवायला पैसा लागतो. मार्टिन ब्लॉक नावाच्या निवेदकानं दुकानातून काही तबकड्या विकत आणल्या, त्या लागोपाठ वाजवल्या आणि आपण एखाद्या मोठ्या नृत्यगृहातून बोलतो आहोत असा आव आणला. ऐकणाऱ्यांना तो बेहद्द आवडला. या अर्थानं पाहिलं तर १९५२ पासून रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ सादर करणारे अमीन सयानी हेही डीजेच. माझ्या बहिणीनं हे ऐकलं तेव्हा तिचा चेहरा थोडा सैल झाला. सयानींचा आवाज आमच्या अब्बांचाही लाडका होता.

दुसरी गोष्ट जमैकाची. कॅरिबियन समुद्रातलं हे बेट, किंग्स्टन ही त्याची राजधानी. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्या गरीब वस्त्यांत नाचगाण्याची भूक मोठी होती, पण वाद्यवृंद परवडत नव्हता आणि घरोघरी ग्रामोफोनही नव्हते. यातून ‘साउंड सिस्टिम’ निघाली. मोकळ्या अंगणात मोठे स्पीकर मांडायचे, तबकड्या लावायच्या आणि थोडं प्रवेशशुल्क घ्यायचं. त्यासाठी लागणारे दमदार अॅम्प्लिफायर बाजारात तयार मिळत नव्हते. ते बनवले हेडली जोन्ससारख्यांनी. जोन्स युद्धकाळात ब्रिटिश हवाई दलात रडार तंत्रज्ञ होते. परत आल्यावर त्यांनी आपल्या हातांनी अॅम्प्लिफायर जोडले. टॉम वाँग या हार्डवेअरच्या व्यापाऱ्यानं त्यांच्याकडून एक बनवून घेतला आणि ‘टॉम द ग्रेट सेबॅस्टियन’ या नावानं आपली सिस्टिम गाजवली.

त्याच शहरातला पुढच्या पिढीचा माणूस म्हणजे ऑस्बोर्न रडॉक, ज्याला जग किंग टबी म्हणून ओळखतं. धंदा काय, तर रेडिओ आणि विजेची उपकरणं दुरुस्त करणं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यानं एका मोठ्या स्टुडिओतून काढून टाकलेला चार ट्रॅकचा मिक्सर घेतला आणि वॉटरहाउस वस्तीतल्या आपल्या घरात बसवला. गायकाला उभं करायला वेगळी खोली नव्हती, म्हणून न्हाणीघरात ध्वनिमुद्रण होई. तयार गाण्यातला आवाज काढून घ्यायचा, नुसता ठेका आणि बेस ठेवायचा, मध्येच एखादा शब्द प्रतिध्वनीसारखा सोडून द्यायचा, अशी ‘डब’ नावाची शैली त्या घरात फुलली. आज जगभरचे संगीतकार एका गाण्याचं ‘रिमिक्स’ करतात, त्या वंशावळीत या रेडिओ मेकॅनिकचं नाव फार वर आहे. १९८९ साली त्याच्या घरासमोरच त्याला गोळ्या घालून मारण्यात आलं.

जमैकाचं हे वेड अमेरिकेत गेलं ते स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांबरोबर. किंग्स्टनमध्ये १९५५ साली जन्मलेला क्लाइव्ह कॅम्पबेल हा मुलगा १९६७ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स भागात आला. त्या ब्रॉंक्सची अवस्था वाईट होती. शहराच्या पोटातून मोठा द्रुतगती मार्ग काढताना हजारो कुटुंबं उठवली गेली होती. पुढे इमारतींना आगी लागत गेल्या, काही लावल्या गेल्या. १९७५ मध्ये तर न्यूयॉर्क महापालिका दिवाळखोरीच्या काठावर आली आणि हजारो शिक्षकांना घरी बसवण्यात आलं. अशा ठिकाणी वाढणाऱ्या मुलांच्या हातात वाद्यं कुठून यावीत?

क्लाइव्हच्या वडिलांनी एका बँडसाठी शुअर कंपनीची ‘व्होकल मास्टर’ ही ध्वनियंत्रणा घेतली होती. तिचा पूर्ण आवाज काही निघत नव्हता. मुलानं तारांची जोडणी आपल्या पद्धतीनं बदलून पाहिली आणि आवाज मोकळा झाला. १९७३ च्या उन्हाळ्यात त्याच्या बहिणीला, सिंडीला, शाळा सुरू होण्याआधी नवे कपडे घ्यायचे होते. हातात पैसे थोडेच होते. तिनं युक्ती काढली : आपल्या इमारतीतला सामायिक हॉल भाड्यानं घ्यायचा, भावानं गाणी लावायची आणि तिकीट ठेवायचं. मुलींना २५ सेंट, मुलांना ५० सेंट. निमंत्रणं छोट्या कार्डांवर हातानं लिहिलेली. तारीख ११ ऑगस्ट १९७३, पत्ता १५२० सेजविक अव्हेन्यू. हिप-हॉपचा जन्म जगभर याच तारखेपासून मोजला जातो. बहिणीचे कपडे आणि भावाची गाणी एकाच हिशेबात बसलेली होती, हे मी माझ्या बहिणीला मुद्दाम दोनदा सांगितलं.

क्लाइव्हनं नाव घेतलं कूल हर्क. त्याच्या लक्षात आलं की, गाण्यात जिथं गाणारा थांबतो आणि फक्त ढोल आणि ठेका उरतो, तिथं नाचणारी पोरं अक्षरशः पेटतात. पण तो तुकडा असतो काही सेकंदांचा. मग त्यानं एकाच तबकडीच्या दोन प्रती घेतल्या. एकीवरचा तुकडा संपला की दुसरीवर तोच सुरू करायचा, तोवर पहिली मागे न्यायची. दोन यंत्रं का लागतात, याचं उत्तर इथं आहे. संपत आलेली गोष्ट संपू न देण्यासाठी.

हर्कचं मिश्रण मात्र ढोबळ होतं. सुई अंदाजानं टेकवायची, एक ठेका दुसऱ्यावर आदळायचा. हे खटकलं ते जोसेफ सॅडलर नावाच्या मुलाला. जन्म बार्बाडोसचा, १९५८ चा, वाढला ब्रॉंक्समध्ये. वडिलांच्या तबकड्यांना हात लावला म्हणून त्यानं लहानपणी मार खाल्ला होता. सॅम्युअल गॉम्पर्स या व्यवसायशिक्षण देणाऱ्या शाळेत तो इलेक्ट्रॉनिक्स शिकत होता आणि वस्तीत टाकून दिलेल्या गाड्यांतले रेडिओ, स्पीकर, कचऱ्यातली यंत्रं घरी आणून उघडत होता. हाच पुढचा ग्रँडमास्टर फ्लॅश.

त्याच्यासमोर दोन अडचणी होत्या. पहिली अशी की, एक गाणं लोकांना ऐकू जात असताना दुसरं आपल्याला एकट्याला हेडफोनमध्ये ऐकता आलं पाहिजे, तरच ते नेमकं लावता येईल. अशी सोय असलेले मिक्सर मोठ्या नृत्यगृहांत होते, पण त्यांची किंमत या मुलाच्या स्वप्नातही बसणारी नव्हती. त्यानं मायक्रोफोनसाठी बनवलेला एक स्वस्त सोनी मिक्सर घेतला. टर्नटेबलच्या सुईतून येणारा विद्युतसंकेत फार क्षीण असतो, म्हणून तो वाढवणारे प्री-अॅम्प्लिफायर बाहेरून जोडले. मिक्सरच्या माथ्यावर एक साधा स्विच चक्क गोंदानं चिकटवला. खटका एकीकडे केला की डावी तबकडी कानात, दुसरीकडे केला की उजवी. या जोडणीला त्यानं नाव दिलं ‘पीक-अ-बू’. आपण लहान मुलांशी ‘बुवा कूक’ खेळतो ना, तेच.

दुसरी अडचण चकतीची. तबकडी ज्यावर फिरते त्या चकतीवर रबराचं जाड आवरण असे. बोटानं तबकडी थांबवली की रबराच्या पकडीमुळे सगळं यंत्रच मंदावे. खाली चकती फिरत राहावी आणि वर तबकडी बोटाखाली स्थिर राहावी, असं काहीतरी निसरडं मध्ये हवं होतं. फ्लॅशची आई शिवणकाम करायची. त्यामुळे कापडाचे प्रकार त्याला हाताला ठाऊक होते. त्यानं फेल्टचं कापड आणलं, गोल कापलं. पण ते लुळं पडत होतं. मग आईचं लक्ष नसताना तिचा खळीचा फवारा घेतला, कापडाला खळ दिली आणि ताठ होईपर्यंत इस्त्री फिरवली. त्या गोल तुकड्याला तो ‘वेफर’ म्हणे. आज ‘स्लिपमॅट’ या नावानं तीच वस्तू कारखान्यात तयार होते आणि जगातल्या प्रत्येक डीजेच्या तबकडीखाली असते.

त्यानं तबकडीवर रंगीत खडूनं खुणाही केल्या. घड्याळाच्या काट्यासारखी ती खूण किती वेढे मागे न्यायची, हे मोजलं की ठेका बरोबर जागेवर सापडे. याच फ्लॅशला २०१९ मध्ये स्वीडनचा पोलर संगीत पुरस्कार मिळाला. त्या पुरस्काराच्या यादीत डीजे म्हणून येणारा तो पहिलाच.

फ्लॅशच्या वर्तुळातला एक अगदी कोवळा पोरगा होता थिओडोर लिव्हिंग्स्टन. १९७५ च्या सुमाराला तो घरी मोठ्या आवाजात सराव करत होता. आई दारात येऊन ओरडली, आवाज कमी कर नाहीतर बंद कर. ती बोलत होती तोवर त्यानं तबकडी हातानं धरून ठेवली आणि नकळत ती पुढेमागे हलवत राहिला. हेडफोनमध्ये खर्र-खर्र असा आवाज त्याला ऐकू आला. महिनोन्महिने घासून त्यानं त्यातून तालात बसणारं ‘स्क्रॅचिंग’ उभं केलं. एका रागावलेल्या आईचा त्यात असा हातभार आहे.

या इतिहासात एक काळं पानही आहे आणि ते झाकून चालणार नाही. १३ जुलै १९७७ च्या रात्री न्यूयॉर्कची वीज गेली ती दुसऱ्या दिवसापर्यंत. दीड हजारांहून अधिक दुकानं लुटली किंवा फोडली गेली, त्यांत विजेच्या उपकरणांचीही होती. त्या रात्रीनंतर ब्रॉंक्समध्ये एकाएकी डीजेंचे अनेक नवे गट दिसू लागले, असं त्या काळच्या काहींनी पुढे मुलाखतींत सांगितलं आणि आपला हातही कबूल केला. भाच्यानं हे वाचून विचारलं, “म्हणजे चोरीतूनच झालं ना सगळं?” मी म्हटलं, तारखा नीट बघ. हर्कची मैफल १९७३ ची. फ्लॅशचा स्विच, त्याचं खळ दिलेलं कापड, थिओडोरचं घासणं, सगळं त्या अंधाराच्या आधीचं. त्या रात्री यंत्रं पसरली असतील, कला आधीच जन्मली होती. आणि त्या सकाळी ज्या दुकानदारांनी रिकामी दुकानं पाहिली, तेही त्याच वस्तीतले साधे लोक होते.

आता भाच्याच्या यादीतल्या पहिल्या ओळीकडे येतो. ते होतं टेक्निक्स कंपनीचं टर्नटेबल. जपानच्या मात्सुशिता कंपनीनं ‘एसएल-१२००’ हे यंत्र १९७२ मध्ये काढलं ते घरी बसून संगीत ऐकणाऱ्या रसिकांसाठी. त्यात पट्टा नव्हता, मोटर थेट चकतीला जोडलेली होती. त्यामुळे हातानं थांबवून सोडलं तरी ती लगेच वेग धरायची. १९७९ च्या सुधारित आवृत्तीत वेग कमी-जास्त करायला सरकती पट्टी आली आणि ते यंत्र डीजेंचं वाद्यच झालं. २०१० मध्ये कंपनीनं उत्पादन थांबवलं, २०१६ मध्ये पुन्हा सुरू केलं, तेव्हा त्याची किंमत ऐकून जुने डीजेही चकित झाले. गरिबांनी वाजवून मोठं केलेलं यंत्र श्रीमंतांच्या दिवाणखान्यात परत गेलं होतं.

याच्या उलटही घडतं. रोलँड कंपनीनं १९८१ च्या अखेरीस ‘टीबी-३०३’ नावाचं बेस वाजवणारं छोटं यंत्र काढलं. ते चाललं नाही, १९८४ मध्ये बंद झालं आणि जुन्या बाजारात पडेल भावानं मिळू लागलं. शिकागोतल्या तीन तरुणांनी ते घेतलं, त्याच्या खुंट्या मन मानेल तशा पिळल्या आणि ‘फ्यूचर’ या नावानं १९८७ मध्ये ‘अॅसिड ट्रॅक्स’ काढलं. त्यातून नृत्यसंगीताची एक नवी शाखा निघाली. गंमत अशी की, त्याच यंत्रावर आपल्या मुंबईत हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणारे चरणजित सिंग यांनी १९८२ मध्येच दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवून ध्वनिमुद्रित केले होते. तेव्हा त्याकडे कुणी फारसं पाहिलं नाही. २०१० मध्ये ती तबकडी पुन्हा निघाली, तेव्हा जगानं कान टवकारले. सिंग २०१५ मध्ये वारले.

हे सगळं वाचून झाल्यावर मी भाच्याला पुन्हा बोलावलं. त्याची यादी समोर ठेवली आणि म्हटलं, यातलं नेमकं काय लागतं ते आपण दोघं मिळून ठरवू. हर्क आणि फ्लॅश यांच्यापाशी जे होतं तेवढंच मोजू. गाणी वाजवणाऱ्या दोन जागा, त्यांतला वेग जुळवायची सोय, एकीकडून दुसरीकडे जाणारा खटका आणि पुढचं गाणं एकट्याला ऐकायला हेडफोन. बस्स.

मग पोरगंच बोलायला लागलं. ‘मिक्स’ नावाचा एक संगणक प्रोग्राम आहे, तो फुकट मिळतो. २००१ च्या सुमाराला एका संशोधक विद्यार्थ्यानं तो सुरू केला आणि तेव्हापासून जगभरचे स्वयंसेवक तो सांभाळतात. त्यात पडद्यावर दोन तबकड्या येतात, साध्या कीबोर्डवरूनही त्या चालवता येतात. घरात कॉलेजसाठी घेतलेला जुना लॅपटॉप होताच. लॅपटॉपमधून एकच आवाज बाहेर पडतो, आणि आपल्याला तर दोन हवेत, एक स्पीकरला आणि एक कानाला. त्यासाठी यूएसबीला लावायचं छोटं साउंड कार्ड काही शे रुपयांत मिळतं. हेडफोन मात्र तारेचे हवेत. बिनतारी हेडफोनमध्ये आवाज क्षणभर उशिरा पोचतो आणि ठेका हुकतो. स्पीकर म्हणून अब्बांच्या वेळचा टेपरेकॉर्डर, त्याला बाहेरचा आवाज घ्यायची जागा होती. फ्लॅशनं गोंदानं स्विच चिकटवला, यानं सोल्डरिंग करून टेपची तुटलेली तार जोडली. एकूण खर्च हजाराच्या आत.

भिशीच्या पैशांतून पिकोचं यंत्र आलं. पोराशी करार असा झाला की, सहा महिने रोज सराव करायचा, रात्री फक्त हेडफोनवर. त्यानंतर पेन्सिलीनं लिहिलेलं ते छोटं यंत्र हवं असेल, तर ते स्वतःच्या कमाईतून घ्यायचं, तेही जुनं बघून. सध्या तो सुट्टीच्या दिवशी एका मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसतो. मला ते बरं वाटतं. सोल्डरिंग येणाऱ्या हातांनीच हा इतिहास घडवला आहे.

हे सगळं मी बहिणीला एका संध्याकाळी सविस्तर सांगितलं. ती नव्या यंत्रावर साडीला पिको करत होती. ब्रॉंक्स, जमैका, टेक्निक्स, सगळं निमूट ऐकलं. शेवटी पायडलवरचा पाय न उचलता तिनं एकच प्रश्न विचारला, “भाई, त्या पोरानं आईची खळ न विचारता घेतली, ते तिला कळलं का?”

मी हसलो. ती हसली नाही. थोड्या वेळानं तिनं मुलाला हाक मारली आणि म्हणाली, “कपाटात वरच्या खणात खळीची पुडी आहे. लागली तर सांगून घे.”